अकरा हजारांचा कॅसिओ आणि आईची भूपाळी

आमच्या साताऱ्यात सगळ्याच कीबोर्डना कॅसिओ म्हणतात, जसं वनस्पती तुपाला डालडा. माझ्या कॅसिओवर नाव दुसऱ्याच कंपनीचं आहे. ते इथे लिहीत नाही. दहा-बारा हजारांतले ६१ पट्ट्यांचे कीबोर्ड मी दुकानात चार-पाच वाजवून बघितले, त्यांच्यात डावं-उजवं फारसं नव्हतं. मग एकाच्याच नावानं खडे कशाला फोडायचे? शिवाय हा अभिप्राय नुसत्या कीबोर्डचा नाही. त्याच्यापायी मी तीन महिने एक क्लास केला, एका अ‍ॅपचे पैसे भरले, पायाखालचं पेडल घेतलं. आयुष्यात कधी पेटीला हात न लावलेल्या बाईला साठीत एक गाणं वाजवता यावं, एवढ्यासाठी यातलं काय कामाला आलं आणि काय अडगळीत गेलं, ते सांगते.

गाणं एकच. आई पहाटे म्हणायची ती भूपाळी. तिला ती तिच्या आत्यानं पाटणकडच्या गावी जात्यावर शिकवली. शब्द यूट्यूबवर सापडले, पण चाल वेगळीच होती. कुठल्या रेकॉर्डवर नाही, कुठल्या वहीत नाही. आई आता ८४ वर्षांची आहे. अजून म्हणते, पण श्वास पुरत नाही, दोन ओळी झाल्या की थांबते आणि चहा मागते. मला गळा नाही. बोटं आहेत. म्हणून कीबोर्ड.

बोटांचंही सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे घडलं. मी पंचायत समितीत क्लार्क-टायपिस्ट होते, मे २०२३ मध्ये निवृत्त झाले. मराठी तीसची (मिनिटाला तीस शब्द) टायपिंगची परीक्षा १९८३ साली दिली, मग इंग्रजी चाळीसची. नोकरीतली पहिली कितीतरी वर्षं गोदरेजच्या मशीनवर गेली. कार्बन घालून चार प्रती काढायच्या तर शेवटच्या प्रतीवर अक्षर उमटेल इतक्या जोरानं ठोकावं लागायचं. हे हात मी थेट कीबोर्डवर ठेवले.

खरेदी पुण्यात केली, बुधवार पेठेत. रजेचे पैसे मिळाले होते त्यातले काढले. दुकानदारानं आधी सात हजारांचा दाखवला. दिसायला सारखाच, पट्ट्याही ६१. त्याच्या शेजारी उभा राहून क्लासचा वाटावा असा एक मुलगा दुसरं काहीतरी बघत होता, तो हळूच म्हणाला, "काकू, टच रिस्पॉन्स आहे का विचारा." विचारलं. नव्हता. त्या मुलाला मी आजही दुवा देते. टच रिस्पॉन्स नसला तर पट्टी हळू दाबा नाहीतर बुक्की मारा, आवाज तेवढाच येतो, दाराच्या बेलसारखा. असला, तर जशी बोटं तसा आवाज. आतली करामत मला नंतर कळली: प्रत्येक पट्टीखाली दोन संपर्क असतात, पट्टी खाली जाताना आधी एक लागतो मग दुसरा, आणि दोघांमधला वेळ मोजून यंत्र ठरवतं की तुम्ही किती जोर लावलात. म्हणजे जोर मोजतच नाही, वेग मोजतं. पियानोचं पूर्ण नाव पियानोफोर्टे, म्हणजे हळू आणि मोठ्यानं; नावातच आहे ते यंत्रात नसलं तर सात हजारही फुकट. घेणाऱ्यानं ही एक गोष्ट सोडून बाकी काही विचारलं नाही तरी चालेल. सहाशे आवाज आणि दोनशे ताल बॉक्सवर मोठ्या अक्षरात छापलेले असतात, त्यातले मी आजवर तीन वापरलेत.

साडेअकरा हजार कीबोर्डचे, साडेबाराशे स्टँडचे. स्वारगेटवरून एसटीनं आणला. माझं अर्धं तिकीट, कीबोर्डचं कंडक्टरनं लगेज फाडलं आणि वर विचारलं, "बाई, भजनी मंडळ का?"

घरी आणून लावला आणि पहिल्याच दिवशी कळलं की टायपिस्टचा हात इथे गुण कमी आणि खोड जास्त. टायपिंगमध्ये की दाबायची नसते, टिचकी मारून सोडायची असते. बोट खाली राहिलं की पुढची दांडी तिच्यात अडकते. पियानोवर उलटं. बोट उचललं की सूर संपला. मी वाजवायला लागले की सूर निघायचा तो टक, टक, टक, असा, मध्ये मध्ये भोकं. आई आतल्या खोलीतून म्हणाली, "आज कसलं पत्र?"

दुसरी खोड म्हणजे जोर. टच रिस्पॉन्सवर गोदरेजचा हात पडला तर प्रत्येक सूर ओरडतो. सेटिंगमध्ये टचचे तीन प्रकार आहेत आणि चौथं 'बंद'. मी दोन आठवडे सर्वांत जड प्रकारावर ठेवला, म्हणजे कितीही ठोकलं तरी फार ओरडणार नाही, मग मधल्यावर आणला. हा उपाय कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेला नाही, टाइपरायटरवर आयुष्य काढलेल्या सगळ्यांना माझ्यातर्फे सप्रेम.

आता क्लास. गावातलाच. महिन्याला दीड हजार, आठवड्यातून दोनदा, एक तास. शिकवणारा मुलगा २३ वर्षांचा, मी त्याला सर म्हणायची, तो मला काकू. माझ्या बॅचला आठ ते बारा वर्षांची सहा मुलं, सगळी लंडनच्या ग्रेड परीक्षेच्या तयारीतली. मी शेवटच्या कीबोर्डवर, ज्याची एक पट्टी वाजत नव्हती. तीन महिन्यांत दोनदा सांगून झालं, ती अजून वाजत नसणार.

पहिला धडा सगळ्यांनाच बेथोव्हनच्या नवव्या सिंफनीतल्या 'आनंदगीता'चा. सोपा असतो म्हणून देतात असं मी ऐकून होते. वाजवल्यावर कारण कळलं. जवळजवळ सगळी चाल शेजारशेजारच्या पाच पट्ट्यांवर बसते, हात जागचा हलवावा लागत नाही. बहिऱ्या झालेल्या माणसानं १८२४ साली पूर्ण केलेलं संगीत आणि ते साताऱ्यातली सहा पोरं आणि एक म्हातारी एकदम वाजवताहेत, प्रत्येकाची लय वेगळी. तो आवाज ऐकायला मिळाला त्याचे साडेचार हजार वसूल.

नोटेशन मला मुलांच्या आधी यायला लागलं. त्यात हुशारी काही नाही. मसुद्यावर डोळे आणि बोटांकडे बघायचं नाही, हे तर मी चाळीस वर्षं करत आले. पाच रेघांवर ठिपका कुठे आहे ते वाचायचं आणि बोट तिकडे पाठवायचं, मध्ये डोकं घालायचं नाही. सर म्हणाले, "काकू, तुमचं साइट रीडिंग मस्त आहे." मी खूश. मग मी भूपाळीचा विषय काढला. ते म्हणाले, ती सिलॅबसमध्ये नाही, आधी दोन ग्रेड करा, मग आपण बसवू. दोन ग्रेड म्हणजे दोन वर्षं. मी हिशेब केला तो आईच्या वयाचा केला. तिसरा महिना संपल्यावर फी भरली नाही.

क्लासला शिव्या देत नाही. त्या मुलानं दोन गोष्टी अशा शिकवल्या की त्यांच्याशिवाय पुढे काहीच झालं नसतं. एक, मनगट पट्ट्यांच्या खाली लोंबू द्यायचं नाही. दुसरी म्हणजे, "पूर्ण गाणं एकदा वाजवण्यापेक्षा चार सूर दहा वेळा वाजवा, आणि चुकलं तर मागे जाऊ नका, पुढे जा." टायपिंगमध्ये चुकलं की आम्ही मागे जाऊन पांढरी शाई लावायचो. ही सवय मोडायला दोन महिने लागले. अजूनही कधी कधी चुकीचा सूर लागला की उजव्या हाताची करंगळी आपोआप बॅकस्पेसच्या दिशेनं जाते. तिथे शेवटची पट्टीही नसते, नुसतं प्लॅस्टिक.

अ‍ॅपबद्दल थोडक्यात. वरून रंगीत विटा पडतात, वीट पट्टीला टेकली की ती पट्टी दाबायची. बोटांना खेळ चांगला. पण वीट बघणाऱ्याला गाणं ऐकू येत नाही, हे मी स्वतःवर करून बघितलं: एक हिंदी गाणं पंधरा दिवसांत तोंडपाठ वाजवायला लागले आणि मोबाईल बंद केला तर पहिला सूर कुठला तेसुद्धा सांगता येईना. दुसरं असं की अ‍ॅप मोबाईलच्या माइकमधून ऐकतं. एकदा स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि अ‍ॅपनं तिला हिरवी टिक दिली. मी दहा दिवस झगडत होते त्या सुराला. पहिले सात दिवस फुकट आणि आठव्या दिवशी वर्षाचे पैसे खात्यातून आपोआप गेले, ते परत मागायला इंग्रजीत तीन मेल करावे लागले. उत्तर आलं, पैसे नाही आले. त्यांच्या यादीत आईची भूपाळी असण्याचा प्रश्नच नव्हता.

म्हणजे तीन महिन्यांनी अवस्था अशी: कीबोर्ड आहे, बोटं थोडी वळलीत, आणि समोर मसुदा नाही. दुसऱ्यानं लिहिलेलं टाइप करणं वेगळं. इथे मजकूर मलाच लिहायचा होता.

आमच्या मागच्या गल्लीत नाना राहतात. भजनी मंडळात तीस वर्षं पेटी वाजवलीय त्यांनी. मी आईचं म्हणणं मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि त्यांच्याकडे गेले. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. म्हणाले, "पाच सूर आहेत. सा रे ग प ध. म नाही, नी नाही. भूप." मग परत लाव म्हणाले. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांनी मांडीवर बोट आपटलं. "आई थांबतात कुठं बघ. ग वर नाही थांबत. ध वर थांबतात. हा भूप नाही बाई, देसकार. भूप संध्याकाळनंतरचा, देसकार सकाळचा. सूर तेच, वस्ती वेगळी." आईला भूपही माहीत नाही आणि देसकारही नाही. तिला एवढंच माहीत की तिथे जरा दम खायचा.

मग नानांनी विचारलं, "तू कुठून वाजवतेस?" मी क्लासमध्ये शिकवल्याप्रमाणे पांढरी एकला, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीला, सा धरत होते आणि मधल्या दोन पांढऱ्या वगळत होते. इथेच मी सारखी अडखळायची. बोटं मोकळी सुटली की वगळायच्या पट्टीवर जाऊन बसायची. नाना म्हणाले, "काळी तीनला सा धर. मग नुसत्या काळ्या वाजव. चुकलीस तरी पाचांतलीच चूक होईल."

घरी येऊन बघितलं तर खरंच. काळी तीन सा, काळी चार रे, काळी पाच ग, मग वरच्या सप्तकातली काळी एक प, काळी दोन ध, आणि पुढच्या काळी तीनला परत सा. पाचच्या पाच काळ्या, एकही पांढरी नको. काळ्या पट्ट्या तीन-दोन, तीन-दोन अशा जुडीनं असतात आणि पांढऱ्यांपेक्षा वर उचललेल्या, त्यामुळे न बघताही हाताला कळतं आपण कुठे आहोत. टाइपरायटरवर अंधारात बोटं ठेवणाऱ्या बाईला याहून सोयीचं काय? ज्यांना सुरुवातीला पाच सुरांची चाल वाजवायची आहे, मग ती भूपाळी असो की साहेबाचं 'अमेझिंग ग्रेस' (तेही पाचच सुरांत बसतं), त्यांनी क्लासला जायच्या आधी आठ दिवस नुसत्या काळ्यांवर खेळावं. पुढे पियानो शिकवणाऱ्यांविषयी वाचताना कळलं की एकोणिसाव्या शतकातला मोठा पियानोवादक शोपँसुद्धा शिष्यांना पहिल्यांदा नुसत्या पांढऱ्यांची सुरावट देत नसे, पाचही काळ्या लागणारी द्यायचा, कारण लांब बोटं आपोआप काळ्यांवर येतात. नानांना सांगितलं. ते म्हणाले, "कोण शोपँ?" आणि मग, "बरोबर सांगायचा."

आणखी एक लाभ मला अनपेक्षित होता. क्लासमध्ये माझा सगळ्यात मोठा शत्रू अंगठा. टायपिंगमध्ये अंगठ्याला एकच काम, स्पेसबार. पियानोवर अंगठा म्हणजे एक नंबरचं बोट, आणि वरच्या सुरांकडे जाताना त्याला बाकीच्या बोटांच्या खालून सरकवावा लागतो. माझा सरकायचाच नाही, तो स्पेसबार शोधत बसायचा. काळ्यांवर तीनच्या जुडीला तर्जनी, मधलं, अनामिका. दोनच्या जुडीला तर्जनी आणि मधलं. अंगठा रिकामा, खाली लोंबत, अगदी स्पेसबारवर असल्यासारखा. क्लासचे सर हे बघतील तर कपाळाला हात लावतील. पण मला भूपाळी यायला लागली.

या पद्धतीत एक खोट आहे आणि ती झाकायला पेडल लागतं. तीनच्या जुडीवरून दोनच्या जुडीवर हात उडी मारतो, त्या उडीत सूर तुटतो. सस्टेन पेडल दाबलं की आधीचा सूर हवेत राहतो आणि तेवढ्यात हात पलीकडे पोचतो. कीबोर्डबरोबर पेडल येत नाही, वेगळं घ्यावं लागतं. दुकानदारानं पावणेतीनशेचं प्लॅस्टिकचं चौकोनी डबडं गळ्यात मारायचा प्रयत्न केला होता. ते फरशीवर सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकतं. मी नंतर अकराशेचं घेतलं, खाली रबर असलेलं, खऱ्या पियानोच्या पेडलसारखं. घ्या तर हेच घ्या. मात्र ते सतत दाबून ठेवायचं नसतं, नाहीतर सगळे सूर एकमेकांत मिसळून खिचडी होते. प्रत्येक ओळीच्या शेवटी पाय उचलायचा. हे शिकायला महिना गेला, कारण माझ्या पायांना आजवर शिलाई मशीनशिवाय काम नव्हतं आणि तिथे पाय उचलला की काम थांबतं.

डाव्या हातानं मी कॉर्ड (तीन-चार सूर एकदम) वाजवत नाही. सा आणि प, म्हणजे काळी तीन आणि काळी एक, खालच्या सप्तकात एकदा दाबायच्या आणि धरून ठेवायच्या, विरत आल्या की परत. तंबोऱ्याचं काम. कीबोर्डमध्ये केरवा आणि दादरा आहेत, तबल्याचा आवाजही वाईट नाही. एकदा हौसेनं केरवा लावला तर आई काठी घेऊन दारात आली. "बंद कर ते. वरात आली का दारात?"

भूपाळीची पहिली ओळ मी जुन्या कार्यालयीन डायरीत, जिथे पूर्वी आवक-जावकचे नंबर टिपायची, तिथे लिहिली: सां ध, ध प, ग प ध, ध (सां म्हणजे वरचा सा). एवढंच. दिसायला आठ शब्दांची तार. पण आई दुसऱ्या ध वरून प वर येते ती पायरी उतरत नाही, घसरत येते. मींड. आणि कीबोर्डवर मींड नाही. दोन पट्ट्यांच्या मध्ये काही नाही, नुसती फट. पेटीवरही नाही, ऑल इंडिया रेडिओनं १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत चालली, तिच्यामागे हीच मोठी तक्रार होती, असं नाना अजून कालच झाल्यासारखं रागानं सांगतात. महागड्या कीबोर्डवर सूर वाकवायचं चाक असतं, माझ्यावर नाही, आणि असतं तरी ते फिरवायला तिसरा हात आणायचा कुठून? नानांनी तोडगा दिला: प लावायच्या आधी ध ला परत ओझरतं शिवायचं, इतकं ओझरतं की शिवलं की नाही ते आपल्यालाही कळू नये. कण सूर. टच रिस्पॉन्सचे वरचे साडेचार हजार मी दिले ते या एका कणासाठी, असं समजा. सात हजारांच्या डब्यावर तो कण मुख्य सुराइतकाच मोठा वाजला असता.

हे एकच बोट, एकच जागा, मी ऑगस्टचा पूर्ण महिना केलं. सकाळी चहा टाकून, आधण येईपर्यंत.

तक्रारी राहिल्यात त्या उरकते. आवाज सातच्या वर नेला की खालचे सूर लागताना प्लॅस्टिकचा डबा थरथरतो. स्टँड यायच्या आधी मी तो लोखंडी टेबलावर ठेवला होता, तेव्हा कपाटातल्या वाट्याही साथ द्यायच्या. अडॅप्टरची वायर जेमतेम दीड मीटर, म्हणजे माझ्या घरात ती देवघराच्या बोर्डापर्यंत पोचते आणि निरंजनावरून जाते, ते मला पटत नाही, त्यामुळे मी एक्स्टेन्शन बोर्ड घेतला. वीज गेली तर सहा पेन्सिल सेलवर चालतो, ही गोष्ट मात्र आमच्याकडे फार मोलाची. पुस्तक ठेवायची जाळी पातळ पुस्तकालाच झेपते, डायरी ठेवली की मागे कलंडते. मी तिला कपडे वाळत घालायचे दोन चिमटे लावलेत. आणि हेडफोन लावून पहाटे वाजवलं तर बाकीच्यांना गाणं ऐकू येत नाही हे खरं, पण पट्ट्यांची ठक ठक ऐकू येते. आमच्या ह्यांनी ती दोन पहाटा सहन केली आणि तिसऱ्या पहाटे विचारलं, "तू परत नोकरीला लागलीस का?"

कुणी विचारतं, ८८ पट्ट्यांचा, खऱ्या पियानोसारखा जड पट्ट्यांचा घ्यायला हवा होता का. मुंबईत धोबीतलावला फुर्टाडोज या वाद्यांच्या दुकानाच्या काचेतून ते मी बघितलेत, काळेभोर, आत स्वतःचं तोंड दिसणारे. ज्याला ग्रेड द्यायच्या आहेत त्यानं तसाच घ्यावा, हलक्या पट्ट्यांवर घडलेली बोटं तिकडे अडतात असं माझे तेवीस वर्षांचे सरही म्हणायचे. माझ्या ६१ मध्ये २५ काळ्या आहेत. आईच्या भूपाळीला खालच्या ध पासून वरच्या सा पर्यंत सात लागतात, शिवाय डाव्या हाताला दोन. सातांच्या हिशेबानं एका पट्टीला जवळजवळ साडेसोळाशे रुपये पडले.

दहा महिन्यांनी, गेल्या मार्चमध्ये, मी आईला समोर बसवून पहिल्यांदा पूर्ण वाजवली. कडव्यासकट. ती ऐकून घेते पण चेहऱ्यावर काही दाखवत नाही, हा तिचा स्वभाव. संपल्यावर म्हणाली, "जरा वर आहे." मला वाटलं आवाज कमी करायला सांगतेय. नाही, पट्टी वर होती. ती म्हणून बघत होती, आतल्या आत, आणि तिचा गळा तिथे पोचत नव्हता.

मी नानांकडे रेकॉर्डिंग नेलं, त्यांनी पेटीवर ताडून सांगितलं: आईचा सा पांढरी चार. म्हणजे माझ्या काळी तीनच्या एक घर खाली. पांढरी चारवरून वाजवायचं तर सगळी बोटं नव्यानं बसवायला हवीत, काळ्यांची सोय गेली, अंगठा परत कामाला. आणि इथे या कीबोर्डला मी पैकीच्या पैकी गुण देते. ट्रान्सपोज म्हणून एक बटण आहे. ते दाबून उणे एक केलं की बोटं काळी तीनवरच राहतात आणि आवाज पांढरी चारचा येतो. खोटेपणाच आहे म्हणा. जुन्या ऑफिसात आम्ही आदल्या दिवसाची तारीख टाकून पत्रं काढायचो, त्याच जातीचा.

आता ती पहिली ओळ म्हणते आणि दम लागला की थांबते, मी पुढे नेते, ध वर थांबते, तेवढ्यात तिचा श्वास परत आलेला असतो.

एकच गोष्ट कंपनीनं सुधारावी. अर्धा तास हात लावला नाही तर कीबोर्ड स्वतःहून बंद होतो आणि परत चालू केला की ट्रान्सपोज शून्यावर आलेलं असतं. त्यामुळे रोज पहाटे आधी चहा, मग बटण, मग उणे एक. विसरले तर आई सुरुवातच करत नाही, नुसती माझ्याकडे बघते.